तायक्वांदोचा उगम थडग्यांत शोधू नये

तायक्वांदोच्या बहुतेक पुस्तकांत इतिहासाचे प्रकरण गोगुर्यो राजवटीतल्या थडग्यांपासून सुरू होते. आज चीनच्या हद्दीत, यालू नदीच्या काठी असलेल्या एका थडग्याच्या भिंतीवर दोन पुरुष समोरासमोर पवित्रा घेऊन उभे आहेत. तिथून पुस्तक सिल्ला राज्यातल्या 'ह्वारांग' तरुणांकडे वळते, 1790 सालच्या 'मुये दोबो तोंगजी' या सचित्र युद्धग्रंथाचा हवाला देते आणि तेक्क्योन या जुन्या कोरियन खेळाचे नाव घेते. मग जपानी राजवटीत ही विद्या दडपली गेली आणि 1945 नंतर ती पुन्हा उजेडात आली, असे सांगून प्रकरण संपते. दोन हजार वर्षांच्या अखंड परंपरेची ही कथा कोरियाच्या माहितीपत्रकांत आहे, प्रशिक्षकांच्या पुस्तकांत आहे आणि आपल्याकडच्या क्लासांतही मुलांना तीच सांगितली जाते. या कथेला पुरावा फार तोकडा आहे. पण त्याहून मोठी हानी दुसरीच आहे. कोरियन माणसांनी विसाव्या शतकात, अवघ्या दोन पिढ्यांत, एक नवा खेळ घडवला आणि तो दोनशेहून अधिक देशांत रुजवला. जगाच्या क्रीडा इतिहासात अशी उदाहरणे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. प्राचीनतेची कथा हे कर्तृत्व झाकून टाकते आणि ज्यांनी ते खरोखर केले त्यांना निव्वळ वारसदार ठरवते.

आधी पुरावा काय सांगतो ते पाहू. 1910 ते 1945 कोरिया जपानच्या ताब्यात होता. या काळात शिकायला जपानला गेलेल्या कोरियन तरुणांपैकी काहींनी तिथे कराटे आत्मसात केले. चुंग दो क्वानचे संस्थापक ली वोन-कुक आणि सोंग मू क्वानचे रो ब्योंग-जिक हे दोघेही शोतोकान कराटेचे प्रवर्तक गिचिन फुनाकोशी यांचे विद्यार्थी. यून ब्योंग-इन यांनी जपानमध्ये तोयामा कान्केन यांच्याकडे धडे घेतले आणि परतल्यावर सोलच्या वायएमसीएमध्ये वर्ग सुरू केला. स्वातंत्र्याच्या सुमारास अशा माणसांनी 'क्वान' नावाने ओळखल्या जाणाऱ्या शाळा काढल्या. तिथे कराटेचेच पवित्रे शिकवले जात, कराटेचेच 'काता', म्हणजे हालचालींचे ठरलेले साचे, कोरियन उच्चारांनी करून घेतले जात, पांढरा पोशाख आणि रंगीत पट्टेही तिकडूनच आलेले होते. 'तायक्वांदो' हे नाव पुढे आले ते 1955 मध्ये, आणि ते सुचवणारे जनरल चोई होंग-ही हेही तरुणपणी जपानमध्ये कराटे शिकलेले. स्टीव्हन केपनर आणि उदो मोनिग या अभ्यासकांनी ही साखळी कागदपत्रांनिशी मांडली आहे, आणि दोघेही तायक्वांदोचे स्वतः खेळाडू राहिलेले आहेत. बाहेरून येऊन कोरियाला कमी लेखण्याचे त्यांना काही कारण नाही. तेक्क्योन आणि तायक्वांदो शेजारी ठेवून पाहिले तरी फरक दिसतो. तेक्क्योनमध्ये लयीत पावले टाकत प्रतिस्पर्ध्याला पायाने अडकवून पाडणे महत्त्वाचे. मूठ आवळून सरळ रेषेत ठोसा मारणे हा त्याचा स्वभावच नाही. सोंग दोक-गी या वृद्ध गुरूंमुळे ती विद्या टिकली, 1983 मध्ये कोरियन सरकारने तिला सांस्कृतिक वारसा म्हणून संरक्षण दिले आणि 2011 मध्ये युनेस्कोच्या यादीत तिची नोंद झाली. म्हणजे जिला पूर्वज म्हटले जाते ती तायक्वांदोत विरघळलेली नाही. ती आपल्या वेगळ्या वाटेने, वेगळ्या देहबोलीसह जिवंत आहे.

ही प्राचीनतेची कथा का रचली गेली, हे समजण्यासारखे आहे आणि तिची हेटाळणी करण्याचे कारण नाही. पस्तीस वर्षांच्या परकीय राजवटीत ज्यांची भाषा अखेरीस शाळांतून हद्दपार झाली, ज्यांना स्वतःची नावे जपानी करून घ्यावी लागली, त्या समाजाला आपली राष्ट्रीय युद्धकला कालच्या राज्यकर्त्यांकडून आली आहे हे मान्य करणे किती कठीण गेले असेल! पण इथे एक आक्षेप लगेच पुढे येतो, आणि तोच या कथेचा सर्वांत मोठा आधार आहे. प्राचीन मूळ नाकारले तर तायक्वांदो हे कराटेची नक्कल ठरणार नाही का? मग त्यात कोरियन ते काय उरले? मला वाटते या प्रश्नाचे उत्तर इतिहासाच्या पानांपेक्षा मॅटवर अधिक स्पष्ट मिळते.

तायक्वांदोची लढत पाहा. दोन्ही खेळाडू सतत पायांच्या चवड्यांवर उड्या घेत असतात. हात बहुतेक वेळ खाली, बचावापुरते. एक पाय जमिनीवर टेकण्याआधी दुसरा छातीवर बसतो. पाठ फिरवून घेतलेली किक हेल्मेटच्या बाजूला लागते. कराटेच्या कुठल्याही जुन्या शाळेत असे काही नव्हते. हे आले नियमांतून. 1950च्या दशकाच्या अखेरीपासून, विशेषतः जिदोक्वान या क्वानच्या मंडळींमध्ये, पूर्ण ताकदीने फटका मारायचा तर अंगावर संरक्षण हवे, हा विचार जोर धरू लागला. फुनाकोशींच्या परंपरेला स्पर्धाच मान्य नव्हती. नंतर जपानी कराटेत जी स्पर्धा आली तिच्यात फटका शरीरापाशी आणून थांबवायचा असे. कोरियन मंडळींनी उलट दिशा धरली. छातीवर कवच बांधायचे, फटका खरोखर लागू द्यायचा, चेहऱ्यावर ठोसा मारायला बंदी घालायची आणि डोक्यावर फक्त पायाने मारण्याची मुभा ठेवायची. 1962 मध्ये कोरियाच्या राष्ट्रीय क्रीडा महोत्सवात या प्रकाराचे प्रदर्शन झाले आणि पुढच्याच वर्षी तो अधिकृत स्पर्धेत आला. हे निर्णय कागदावर साधे दिसतात. त्यांनी एका पिढीत मानवी शरीराच्या हालचाली बदलून टाकल्या. चेहऱ्यावर ठोसा येणारच नाही हे ठाऊक असलेला खेळाडू हात वर धरून ताठ उभा कशाला राहील? आणि ठोशापेक्षा किकला गुण मिळण्याची शक्यता अधिक असेल, तर खोल आणि स्थिर पवित्र्याचा उपयोग काय? म्हणून पवित्रा उंच झाला, वजन पुढे-मागे खेळू लागले, कंबर वळवून मारायची गोल किक मुख्य हत्यार बनली, तिच्या दुहेरी आणि तिहेरी जोडण्या निघाल्या. या किक कुठल्याही भित्तिचित्रात नाहीत. त्या सोलच्या आणि प्रांतोप्रांतीच्या शाळा-महाविद्यालयांतल्या खेळाडूंनी, नव्या नियमांच्या चौकटीत जिंकायचे कसे, या खटपटीतून शोधल्या. कोरियन म्हणून अभिमान बाळगायचा तर तो याचा बाळगावा.

यावर दुसरा आक्षेप येतो: खेळाच्या गुणांमुळे काही घडले नाही, सरकारी ताकदीने आणि पैशाने सगळे घडवले. या म्हणण्यात तथ्य आहे. चोई होंग-ही यांनी 1966 मध्ये आंतरराष्ट्रीय तायक्वांदो महासंघ स्थापन केला, पण पार्क चुंग-ही यांच्या लष्करी राजवटीशी बिनसल्याने 1972 मध्ये त्यांनी देश सोडला आणि संघटनेचे ठाणे कॅनडात हलवले. त्याच वर्षी सोलच्या गंगनाम भागात कुक्कीवोन ही मध्यवर्ती इमारत उभी राहिली. राष्ट्राध्यक्षांच्या संरक्षण दलात वरच्या पदावर काम केलेले किम उन-योंग तेव्हा राष्ट्रीय संघटनेचे प्रमुख होते. मे 1973 मध्ये तिथे पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि तिच्यामागोमाग जागतिक तायक्वांदो महासंघ जन्माला आला. 1980 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीची मान्यता, 1988 मध्ये सोल ऑलिम्पिकमध्ये प्रदर्शनीय खेळ, 1992 मध्ये बार्सिलोनात पुन्हा तेच, 1994 च्या पॅरिस अधिवेशनात पूर्ण प्रवेशाचा निर्णय आणि 2000 मध्ये सिडनीत पहिली पदके. या वाटचालीत किम यांचे समितीतले वजन उघड होते. ते समितीचे उपाध्यक्षही झाले. सॉल्ट लेक सिटीच्या ऑलिम्पिक यजमानपदाच्या लाचखोरी प्रकरणात त्यांना कडक ताकीद मिळाली, 2004 मध्ये अपहार आणि लाचखोरीसाठी कोरियन न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले आणि पुढच्या वर्षी त्यांनी समितीचा राजीनामा दिला. हे सगळे खरे आहे आणि तायक्वांदोच्या इतिहासात ते ठळक लिहिले गेले पाहिजे. पण वजन वापरून दार उघडता येते, आत टिकून राहता येत नाही. कराटेला जपानसारख्या श्रीमंत आणि ऑलिम्पिक वर्तुळात मानाच्या देशाचे पाठबळ होते. त्याला प्रवेश मिळाला तो केवळ टोकियो ऑलिम्पिकमध्ये. पुढच्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये तो वगळला गेला. तायक्वांदो मात्र, त्याचा आश्रयदाता तुरुंगात गेल्यानंतर, वीस वर्षे उलटली तरी ऑलिम्पिकमध्ये आहे. ते का टिकले, हे पाहायला हवे.

टिकण्याची खात्री मुळीच नव्हती. चार कोपऱ्यांत बसलेले पंच हातातली बटणे दाबून गुण द्यायचे आणि किक पुरेशा जोराची होती की नाही, हे त्यांच्या नजरेवर ठरायचे. 2008 मध्ये बीजिंगमध्ये या पद्धतीची शोभा झाली. दोन वेळची ऑलिम्पिक विजेती चीनची चेन झोंग आणि ब्रिटनची सारा स्टीव्हन्सन यांच्या लढतीत शेवटच्या क्षणी डोक्यावर लागलेली किक पंचांनी मोजलीच नाही; चित्रफीत पाहून निकाल फिरवावा लागला. त्याच दिवशी क्युबाचा आंखेल मातोस, सिडनीचा सुवर्णपदक विजेता, उपचारासाठी दिलेला वेळ ओलांडल्यामुळे बाद ठरला आणि त्याने थेट पंचाच्या तोंडावर लाथ मारली. त्याला आजन्म बंदी झाली. ते दृश्य मात्र जगभर पुन्हा पुन्हा दाखवले गेले. तायक्वांदो ऑलिम्पिकमधून जाणार, अशी चर्चा त्यानंतर वर्षानुवर्षे होत राहिली. जागतिक महासंघाने कवचात आणि पायमोज्यांत इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आणली, वजन गटानुसार आघाताची किमान मर्यादा ठरवली, प्रशिक्षकाला चित्रफितीच्या आधारे दाद मागण्याचा हक्क दिला. वाटेत ठेचाही लागल्या: 2010 च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत मोज्यांतल्या सेन्सरवरून तैवानच्या यांग शु-चुनला बाद केले गेले आणि तैवानमध्ये कोरियाविरुद्ध संतापाची लाट उठली. पण लंडनमध्ये 2012 साली नवी पद्धत उभी राहिली आणि पंचांवरचे वाद झपाट्याने कमी झाले. फेब्रुवारी 2013 मध्ये ऑलिम्पिकच्या कार्यकारी मंडळाने कायमस्वरूपी खेळांची यादी ठरवली, तेव्हा त्यांनी वगळण्यासाठी निवडली ती कुस्ती! प्राचीन ऑलिम्पिकपासूनचा खेळ, आपल्या खाशाबा जाधवांचा खेळ. सप्टेंबरमध्ये कुस्ती परत आली, पण तिलाही आपले नियम घाईघाईने बदलावे लागले आणि आपल्या महासंघाची घडी नव्याने बसवावी लागली. प्राचीनतेने कुस्तीला वाचवले नाही. तायक्वांदोला त्याच्या दोन हजार वर्षांच्या कथेने वाचवले, असे मग कसे म्हणता येईल?

या यंत्रणेवरचा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो, आणि तो जुन्या खेळाडूंकडून येतो. कवचाला किती जोर लागला हे यंत्र मोजते. किक सुंदर होती की वेडीवाकडी, हे त्याला कळत नाही. त्यामुळे पुढचा पाय हवेत उचलून धरायचा, तलवारबाजीतल्या पात्यासारखा तो फिरवत राहायचा आणि जमेल तसा कवचाला टेकवून गुण मिळवायचा, अशी शैली बोकाळली. ज्यांनी 1990च्या दशकातल्या लढती पाहिल्या आहेत त्यांचे दुःख खोटे नाही. त्या वेळच्या मागच्या पायाच्या किकमध्ये जो वेग आणि जोर होता तो पुढच्या काही वर्षांत हरवला. पण हे दुःख कुठल्या दिशेने न्यायचे, हा प्रश्न आहे. परंपरा भ्रष्ट झाली, जुने परत आणा, असे म्हणणाऱ्यांना जे 'जुने' आठवते तेही 1960 आणि 1970च्या नियमांचेच अपत्य होते. तेव्हाच्या नियमांनी एक शैली घडवली, नंतरच्या नियमांनी दुसरी घडवली. आता तिसरी घडवायची तर नियमच बदलावे लागतील. महासंघ तेच करत आला आहे. पाय उचलून नुसता अडसर धरणाऱ्याला दंड बसू लागला. फिरून मारलेल्या अवघड किकला जादा गुण मिळू लागले. पॅरिस ऑलिम्पिकच्या वेळी छातीवरच्या साध्या किकला 2 गुण होते, तर फिरून डोक्यावर मारलेल्या किकला 5. गुणांची बेरीज सोडून तीनपैकी दोन फेऱ्या जिंकण्याची पद्धत आली, त्यामुळे आघाडी घेऊन पळत राहण्याचा फायदा घटला. पॅरिसमधल्या लढती टोकियोपेक्षा मोकळ्या आणि धाडसी वाटल्या, निदान माझ्या डोळ्यांना. काम पूर्ण झालेले नाही. इलेक्ट्रॉनिक संच महाग आहेत आणि छोट्या क्लबांतली मुले साध्या कवचावर सराव करून थेट मोठ्या स्पर्धेत यंत्रासमोर उभी राहतात, हा अन्याय अजून सुटलेला नाही. महासंघाने यावर पैसा खर्च करायला हवा.

या बदलांचे फळ कोणाला मिळाले, हे पदकांच्या यादीत वाचता येते, आणि ती यादी मला या खेळाबद्दलची सर्वांत आनंदाची गोष्ट वाटते. व्हिएतनामचे पहिले ऑलिम्पिक पदक सिडनीत तायक्वांदोने दिले. तैवानची पहिली दोन सुवर्णपदके अथेन्समध्ये एकाच दिवशी तायक्वांदोत आली. रोहुल्ला निकपाईने बीजिंगमध्ये अफगाणिस्तानला पहिलेवहिले पदक मिळवून दिले, अँथनी ओबामेने लंडनमध्ये गॅबनला. रिओत अहमद अबूगौशने जॉर्डनला पहिले पदक दिले आणि तेही सोन्याचे; शेख सल्लाह सिसेने आयव्हरी कोस्टला पहिले सुवर्ण; किमिया अलीझादे ऑलिम्पिक पदक जिंकणारी पहिली इराणी महिला ठरली. लंडनमधली आठ सुवर्णपदके आठ वेगवेगळ्या देशांनी नेली. हे आपोआप घडले नाही. लंडनपर्यंत कोणत्याही देशाला दोन पुरुष आणि दोन महिला एवढेच खेळाडू उतरवता येत होते. आठही गटांत जिंकण्याची ताकद असलेल्या कोरियाने ही मर्यादा स्वीकारली. 1960 आणि 70च्या दशकांत शेकडो कोरियन प्रशिक्षक परदेशी गेले आणि तिथल्या मुलांना आपल्याला हरवता येईल इतके शिकवले. बीजिंगमध्ये चारपैकी चार सुवर्णपदके जिंकणारा कोरिया टोकियोत एकाही सुवर्णाशिवाय परतला. कोरियन वृत्तपत्रांना ते बोचले असणार. पण ज्या खेळात जन्मदात्या देशाला हरवता येत नाही तो खेळ जगाचा झालेला नसतो. आपल्याला हे समजायला वेळ लागू नये, कारण 2018 च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत इराणने कबड्डीची पुरुष आणि महिला अशी दोन्ही सुवर्णपदके नेली, तेव्हा आपल्याकडे ती नामुष्की मानली गेली. कबड्डी वाढल्याची ती खूण होती.

राहिला तो आक्षेप मनाच्या शिस्तीचा. खेळ झाला आणि कला गेली, गुणांच्या मागे धावताना संयम आणि आदर हरवला, असे अनेक गुरू म्हणतात. त्यांच्या तळमळीचा आदर करूनही मला हे पटत नाही. बहुसंख्य विद्यार्थी लढतीच्या स्पर्धेला उतरतच नाहीत. ते पूमसे, म्हणजे हालचालींचे ठरलेले साचे, करतात, पट्ट्यांच्या परीक्षा देतात, स्वसंरक्षण शिकतात. चोई यांच्या परंपरेतले लोक, त्यांच्या मृत्यूनंतर गटांत विभागले गेले तरी, आपल्या पद्धतीने जुने साचे जपून आहेत. आणि खेळाच्या चौकटीनेच काही अशा गोष्टी शक्य केल्या ज्या बंद शाळांत झाल्या नसत्या. जॉर्डनमधल्या अझराकच्या निर्वासित छावणीत सीरियन मुले तायक्वांदो शिकतात. टोकियोपासून पॅरालिम्पिकमध्ये हात नसलेले किंवा अधू असलेले खेळाडू तायक्वांदो खेळू लागले. भारताची अरुणा तंवर त्यात होती. अफगाणिस्तान सोडावे लागलेल्या झाकिया खुदादादीने पॅरिसमध्ये कांस्य जिंकले, तेव्हा निर्वासित पॅरालिम्पिक संघाचे ते पहिले पदक होते. हातांचा वापर कमी आणि पायांचा जास्त, या साठ वर्षांपूर्वीच्या नियमामुळेच हा खेळ या खेळाडूंना इतका साजेसा ठरला.

2018 मध्ये दक्षिण कोरियाच्या संसदेने तायक्वांदोला कायद्याने राष्ट्रीय युद्धकलेचा दर्जा दिला. मुजू येथे विस्तीर्ण तायक्वांदोवोन आहे, तिथे संग्रहालय आहे, कुक्कीवोनकडे प्रशिक्षकांची पुस्तके छापण्याचा अधिकार आहे. या संस्थांनी गोगुर्योची चित्रे काढून टाकावीत असे मी म्हणत नाही. ती कोरियन शरीरसंस्कृतीची मोलाची साक्ष आहेत. पण पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात जपानमधून कराटे शिकून आलेल्या त्या तरुणांची नावे, त्यांच्या गुरूंसह, यावीत. चोई आणि किम, दोघांचेही काम आणि दोघांच्याही चुका एकाच पुस्तकात, एकाच मापाने लिहिल्या जाव्यात. एकाला गाळून दुसऱ्याचा इतिहास पूर्ण होत नाही. 1960च्या दशकातली पहिली छाती-कवचे, तेव्हाच्या नियमपुस्तिका, कुठल्या वर्षी कुठला नियम बदलला आणि त्यातून कुठली किक निघाली याची नोंद, हे सगळे संग्रहालयाच्या मुख्य दालनात असावे. ज्या खेळाडूंनी आणि प्रशिक्षकांनी त्या वर्षांत प्रयोग केले त्यांच्यापैकी जे आज हयात आहेत ते ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या सविस्तर मुलाखती ध्वनिमुद्रित करण्याचे काम कुक्कीवोनने याच वर्षी हाती घ्यावे.